न जोडता अडकवलेले रेणू

१९६७ साली अमेरिकेत हॅरिसन आणि हॅरिसन या दोन संशोधकांनी चिकाटीची कसोटी पाहणारा एक प्रयोग केला. त्यांना एका वलयाकार रेणूतून लांबट रेणू ओवायचा होता आणि मग त्या लांबट रेणूच्या दोन्ही टोकांना जाडजूड अणुसमूह बसवून वलयाची सुटकेची वाट बंद करायची होती. अडचण अशी, की वलयाला या दांडीची ओढ नव्हती आणि दांडीलाही वलयाची नव्हती. द्रावणात असंख्य रेणू इकडेतिकडे धडपडत असताना एखादी दांडी योगायोगाने एखाद्या वलयातून गेली आणि नेमकी त्याच वेळी तिची टोके बंद झाली, तरच काम फत्ते. म्हणून त्यांनी वलये राळेच्या कणांना बांधून ठेवली आणि तीच प्रक्रिया ७० वेळा केली. अखेर पदरात पडले ते ६ टक्के उत्पादन.

बावीस वर्षांनी, १९८९ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात एकमेकांत अडकलेल्या दोन वलयांचा रेणू होता. अशा रेणूला कॅटिनेन म्हणतात. दोन वलयांपैकी एक आधीच तयार होते, दुसरे त्याच्या पोटातून आरपार जाऊन मग मिटले. तपमान खोलीतलेच होते, प्रक्रिया एकदाच करायची होती आणि उत्पादन ७० टक्के होते.

मधल्या काळात काय बदलले, हे समजले तर त्या निबंधामागचे रसायनशास्त्रज्ञ सर फ्रेझर स्टॉडार्ट यांनी आयुष्यभर काय केले ते समजते. २०१६ साली त्यांना जाँ-पिएर सोवाज आणि बेन फेरिंगा यांच्यासोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा सगळीकडे ‘रेणूंची यंत्रे’ असे मथळे झळकले. यंत्र म्हटले की लोकांचे कुतूहल जागे होते, ते साहजिकच आहे. पण माझ्या मते स्टॉडार्ट यांची मोठी कामगिरी यंत्राच्या आधीची आहे. जी गोष्ट प्रयोगशाळेत केवळ नवल म्हणून, महत्प्रयासाने, चिमूटभर बनत होती, ती त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातून रोजच्या रोज बनू शकेल अशी केली. यंत्रे त्यानंतरची.

स्टॉडार्ट यांचा जन्म २४ मे १९४२ रोजी एडिंबरात झाला आणि बालपण त्या शहराच्या दक्षिणेकडच्या एका शेतावर गेले. शेत खंडाने कसायला घेतलेले. ते एकुलते एक. घरात वीज आली ती ते जवळजवळ विद्यापीठात जायच्या वयाचे झाल्यावर. हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात चित्रखंड जुळवण्याचे कोडे हा त्यांचा विरंगुळा होता आणि आकार आकारात कसा बसतो हे पाहण्याची सवय तिथून लागली, असे ते स्वतः सांगत. गावातली छोटी शाळा, मग एडिंबरातले मेल्व्हिल कॉलेज, मग एडिंबरा विद्यापीठ. १९६४ मध्ये पदवी आणि १९६६ मध्ये डॉक्टरेट.

डॉक्टरेटचा विषय होता बाभूळकुळातल्या झाडांचा डिंक, जो आपल्याकडे लाडवांतही पडतो. डिंक म्हणजे निरनिराळ्या शर्करांचे रेणू एकमेकांना जोडून बनलेला, फांद्यांना उपफांद्या फुटलेला अवाढव्य रेणू. मार्गदर्शक होते सर एडमंड हर्स्ट, क जीवनसत्त्वाच्या रचनेवर आणि संश्लेषणावर काम केलेले जुन्या पिढीतले नामांकित शर्करातज्ज्ञ. डिंकाची रचना उलगडायची म्हणजे तो थोडाथोडा तोडायचा, तुकडे ओळखायचे आणि मूळ जोडणीचा अंदाज बांधायचा. हे काम किचकट आणि संथ आहे. पण शर्करांच्या रसायनात एक शिस्त अंगी बाणते: तेच अणू, त्याच क्रमाने, पण अवकाशातली मांडणी वेगळी असेल तर पदार्थ वेगळा. स्टॉडार्ट यांनी १९७१ साली शर्करांच्या त्रिमितीय रचनेवरच पुस्तक लिहिले. पुढच्या सगळ्या कामात रेणूकडे त्रिमितीय वस्तू म्हणून पाहण्याची जी नजर दिसते, तिची तालीम या डिंकात झाली.

१९६७ मध्ये ते कॅनडातल्या किंग्स्टन गावी क्वीन्स विद्यापीठात गेले. त्याच वर्षी चार्ल्स पेडरसन यांचा तो सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. पेडरसन ड्युपाँ कंपनीत नोकरी करणारे रसायनतज्ज्ञ, डॉक्टरेट न केलेले, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. दुसरेच काही बनवताना त्यांना ०.४ टक्के इतके क्षुल्लक उपउत्पादन मिळाले, पांढरे, तंतुमय स्फटिक. दुसऱ्या कुणीही ते फेकून दिले असते. पेडरसन यांनी तपासले, तर ते ऑक्सिजनचे अणू ठरावीक अंतराने बसवलेले एक वलय निघाले आणि ते पोटॅशियमचा आयन आपल्या पोकळीत धरून ठेवत होते. या वलयांना त्यांनी क्राउन ईथर असे नाव दिले.

रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी रेणूच्या आतल्या बंधांचा, म्हणजे अणू अणूशी इलेक्ट्रॉनची भागीदारी करून जो पक्का जोड करतो त्याचा, अभ्यास केला होता. पेडरसन यांच्या वलयात पोटॅशियम तसा पक्का जोडलेला नव्हता. तो आत बसला होता, आणि बाहेरही पडू शकत होता. स्ट्रासबुर्गमध्ये जाँ-मारी लेन यांनी हीच कल्पना पुढे नेऊन त्रिमितीय पिंजरे बनवले, लॉस एंजलिसमध्ये डॉनल्ड क्रॅम यांनी यजमान आणि पाहुणा अशा जोड्यांचे रसायन उभे केले. एका रेणूच्या पलीकडे जाऊन रेणूरेणूंमधल्या या सैल, तात्पुरत्या, पण नेमक्या नात्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला लेन यांनी सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र म्हटले. शरीरात विकर आपला पदार्थ ओळखतो, डीएनएच्या दोन माळा एकमेकींना धरून राहतात, ते याच सैल नात्यांच्या बळावर. १९८७ चे नोबेल पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना मिळाले.

तरुण स्टॉडार्ट यांनी किंग्स्टनमध्ये पेडरसन यांचा निबंध वाचला आणि १९७० मध्ये ब्रिटनला परतून शेफील्डमध्ये आल्यावर शर्करांपासून क्राउन ईथर बनवायला घेतले. काम चांगले होते, पण त्या दशकात त्या दिशेने अनेक जण चालले होते. खरे वळण आले ते विद्यापीठाबाहेर. १९७८ मध्ये ते तीन वर्षांसाठी रनकॉर्न इथल्या आयसीआय कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. प्राध्यापकाने काही वर्षे कारखानदारीत जाणे हे पुष्कळदा आडवळण मानले जाते. इथे मात्र तेच मुक्कामाला पोचवणारे ठरले, कारण आयसीआय तणनाशके बनवत होती. त्यांची नावे डायक्वाट आणि पॅराक्वाट.

पॅराक्वाट हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवे नाही. कृषी सेवा केंद्रात ‘पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के’ असे लिहिलेल्या बाटल्या मिळतात, आणि हे द्रव्य पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा नाही, हेही गावोगावच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. ते तण जाळते कसे? पॅराक्वाटच्या रेणूवर दोन धनभार असतात आणि त्याला इलेक्ट्रॉनची जबरदस्त हाव असते. हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषण चालू असताना इलेक्ट्रॉनची जी वाहती साखळी असते, तिच्यातून पॅराक्वाट इलेक्ट्रॉन हिसकावतो, तो ऑक्सिजनला देतो आणि पुन्हा रिकामा होऊन हिसकावायला येतो. तयार झालेला आक्रमक ऑक्सिजन पेशींची आवरणे फाडतो. ऊन पडले की काही तासांत पान करपते.

रेणूची हीच हाव स्टॉडार्ट यांना हवी होती. ज्याला इलेक्ट्रॉन हवेत, त्याच्यासमोर इलेक्ट्रॉनने गच्च भरलेले वलय ठेवले तर काय होईल? ऑक्सिजनच्या अणूंबरोबर बेंझिनची वलये गुंफलेला क्राउन ईथर त्यांनी डायक्वाटच्या द्रावणात मिसळला. दोन जवळजवळ रंगहीन द्रावणे एकत्र आली आणि नारिंगी-लाल झाली. हा रंग म्हणजेच पुरावा. इलेक्ट्रॉन-समृद्ध आणि इलेक्ट्रॉन-भुकेले रेणू एकमेकांना अगदी चिकटून, पृष्ठभागाला पृष्ठभाग लावून बसले, की एकाकडून दुसऱ्याकडे अंशतः भार सरकतो आणि प्रकाशाचा काही भाग शोषला जातो. परीक्षानळीकडे नुसते पाहूनच कळते की आतल्या रेणूंनी एकमेकांना ओळखले. या कामात इतके थेट दर्शन क्वचितच होते. नाहीतर एरवी उपकरणांच्या आलेखांवरच विसंबावे लागते.

मग त्यांनी पॅराक्वाटसाठी अधिक योग्य मापाचे, दोन बेंझिन वलये असलेले मोठे क्राउन ईथर बनवले आणि पॅराक्वाट त्यातून आरपार ओवला जातो हे दाखवले. पुढचा विचार उलटा होता. दांडीचे वलय केले आणि वलयाची दांडी केली तर? दोन पॅराक्वाट समोरासमोर ठेवून दोन बेंझिन वलयांनी जोडले, की चार धनभारांचा एक चौकोनी, ताठ डबा तयार होतो. १९८८ मध्ये हा डबा जन्माला आला आणि सगळे त्याला ‘ब्लू बॉक्स’ म्हणू लागले. आकृत्यांत स्टॉडार्ट यांनी इलेक्ट्रॉन-भुकेल्या भागांना निळा आणि इलेक्ट्रॉन-समृद्ध भागांना लाल रंग कायमचा ठरवून टाकला होता, त्यावरून हे नाव पडले. या डब्याच्या पोटात इलेक्ट्रॉन-समृद्ध रेणू अलगद शिरतो.

आता १९८९ च्या प्रयोगाकडे येऊ. क्राउन ईथरचे मोठे वलय तयार आहे. त्याच द्रावणात अर्धवट बांधलेला ब्लू बॉक्स सोडला, म्हणजे एक बाजू उघडी असलेली नालेच्या आकाराची आकृती, आणि ती बाजू बंद करणारा तुकडाही सोडला. तुकडा नालेच्या एका टोकाला जोडला गेला की तिथे पॅराक्वाटचा पूर्ण भाग तयार होतो, त्याची हाव जागी होते आणि क्राउन ईथर त्यावर आपणहून येऊन बसतो. मग नाल दुसऱ्या टोकाशी मिटते, तेव्हा क्राउन ईथर तिच्यात अडकलेला असतो. हॅरिसन यांच्या प्रयोगात जे योगायोगावर सोडलेले होते, ते इथे ओढीवर सोपवलेले होते. रसायनशास्त्रज्ञ याला साचा वापरणे म्हणतात. हा विचार कॅटिनेनसाठी सर्वप्रथम फळाला आणला तो सोवाज यांनी, १९८३ मध्ये, तांब्याच्या आयनभोवती दोन तुकडे गुंफून. त्यांचे उत्पादन ४२ टक्के होते. स्टॉडार्ट यांच्या पद्धतीत धातूही लागत नव्हता. दोन वलयांच्या एकमेकांविषयीच्या ओढीवरच सगळे भागत होते, आणि वलये अडकल्यानंतरही ती ओढ तिथेच राहत होती. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण पुढची यंत्रे त्या उरलेल्या ओढीवर चालतात.

दोन वलयांमध्ये एकही रासायनिक बंध नाही, तरी त्यांना वेगळे करायचे तर बंध तोडावाच लागतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अशा जोडाला जागा नव्हती. त्याला यांत्रिक बंध म्हणावे आणि रेणूंच्या इतर बंधांच्या पंक्तीत बसवावे, हा स्टॉडार्ट यांचा आग्रह होता. २०१६ मध्ये कार्सन ब्रन्स यांच्यासोबत त्यांनी या बंधावर मोठा ग्रंथच लिहिला. सुरुवातीला पुष्कळांना हे सारे हौसेचे खेळ वाटत, आणि १९९४ मध्ये त्यांच्या गटाने ऑलिंपिकच्या चिन्हासारखी पाच वलये गुंफून त्याला ‘ऑलिंपियाडेन’ नाव दिले तेव्हा हा आक्षेप अधिकच जोराने घेता आला असता. पण पाच वलये एका ओळीत गुंफता येणे म्हणजे पद्धत पूर्णपणे हाताशी असणे. ऑलिंपियाडेन ही शेखी नव्हती, ती चाचणी होती आणि पद्धत तीत उतरली. २००४ मध्ये बोरोमियन वलयेही साधली. तीन वलयांपैकी कोणतीही दोन एकमेकांत अडकलेली नाहीत, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत, अशी ती रचना.

हे सगळे खरोखर अडकले आहे, हे सिद्ध कोण करणार? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले स्फटिकतज्ज्ञ डेव्हिड विल्यम्स. स्टॉडार्ट यांच्या प्रयोगशाळेतून स्फटिक यायचे, विल्यम्स त्यांच्यावर क्ष-किरण टाकून आतल्या अणूंची जागा ठरवायचे. वर्षानुवर्षे हा व्यवहार चालला. नोबेलच्या यादीत अशी नावे येत नाहीत, पण त्यांच्या चित्रांवाचून दोन वलये अडकल्याचे कुणी मानले नसते.

आता हालचाल. १९९१ मध्ये स्टॉडार्ट यांच्या गटाने एक लांब दांडी घेतली, तिच्यावर सारख्याच गुणाची दोन इलेक्ट्रॉन-समृद्ध ठिकाणे ठेवली, ब्लू बॉक्स ओवला आणि टोके जाडजूड समूहांनी बंद केली. अशा रेणूला रोटॅक्सेन म्हणतात. ब्लू बॉक्स या ठिकाणाहून त्या ठिकाणी, तिथून परत, असा सेकंदाला सुमारे ५०० वेळा ये-जा करत होता. रेणवीय शटल असे त्याला नाव मिळाले. ही ये-जा कुणी घडवत नव्हते. उष्णतेमुळे द्रावणातले सगळेच रेणू अखंड धडका देत असतात, त्या धडक्यांनी डबा सरकत होता. १९९४ मध्ये मायामीच्या एंजल कायफर यांच्याबरोबर पुढचे पाऊल पडले. या वेळी दोन ठिकाणे वेगळ्या गुणांची होती. आम्ल घातले किंवा विजेने एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की एका ठिकाणावर धनभार येई, चार धनभारांचा ब्लू बॉक्स तिथून दूर लोटला जाई आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसे. आम्ल निष्प्रभ केले की परत. आता डबा कुठे असावा हे बाहेरून ठरवता येत होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण यंत्र या शब्दाने इथे मोठा घोटाळा होतो. आपण पाहतो त्या यंत्रात एक भाग दुसऱ्याला ढकलतो. रेणूच्या जगात ढकलण्याला अर्थ नाही, तिथे सगळेच सतत ढकलले जात असते. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर माणूस स्वतःच्या जोरावर पुढे जात नाही. गर्दी त्याला मागेपुढे लोटत असते, आणि जो पुढे सरकलेली पावलभर जागा पुन्हा मागे जाऊ देत नाही, तो जिन्यापर्यंत पोचतो. रेणवीय यंत्राला नेमके हेच करावे लागते: सततच्या धडक्यांमधून हव्या त्या दिशेची हालचाल राखायची आणि नको त्या दिशेची वाट अडवायची. ऊर्जा खर्च होते ती ढकलण्यासाठी नव्हे, ही अडवाआडवी वेळच्या वेळी करण्यासाठी.

या कसोटीला १९९४ चे शटल पूर्णपणे उतरत नाही. डबा तिकडे गेला, परत आला, हिशोब शून्य. तो स्विच आहे. पण स्विचही थोडेथोडके नाहीत. बोलोन्याच्या व्हिन्सेंझो बाल्झानी आणि अल्बेर्तो क्रेडी यांच्यासोबत २००४ मध्ये एक रेणवीय लिफ्ट झाली. तीन पायांचा सांगाडा आणि त्यावर तीन वलयांचा मंच, जो आम्ल आणि अल्कलीने ०.७ नॅनोमीटर वर-खाली होतो. २००७ मध्ये जेम्स हीथ यांच्या गटासोबत १,६०,००० बिटांची स्मृती बनली. प्रत्येक बिटमध्ये रोटॅक्सेनचे थोडे रेणू, तारांच्या जाळीच्या छेदांवर बसवलेले. संपूर्ण स्मृती रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीएवढ्या जागेत मावत होती. त्यातले पुष्कळ बिट सदोष होते आणि चालणारेही फार वेळा फिरवले की थकत. रेणूंनी संगणक चालेल असा ज्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला ते घाईत होते. रेणूंचा स्विच धातूच्या तारांमध्ये बसवूनही चालतो, एवढे मात्र नक्की झाले, आणि माझ्या लेखी तेही कमी नाही.

खरा पंप आला २०१५ मध्ये, स्टॉडार्ट सत्तरी ओलांडून पुढे गेल्यावर. त्यात पुन्हा पॅराक्वाटची हाव आहे. पॅराक्वाटच्या भागाला एक इलेक्ट्रॉन दिला, की त्याचा धनभार निम्मा होतो आणि दोन असे भाग एकमेकांकडे ओढले जातात. इलेक्ट्रॉन काढून घेतला, की पूर्ण धनभार परततो आणि तेच भाग एकमेकांना लोटतात. दांडीच्या एका टोकाला धनभारित अटकाव आहे आणि थोडे पुढे जाडजूड उंचवटा आहे. इलेक्ट्रॉन दिले की वलयाचा भार कमी होतो, ते अटकाव ओलांडून दांडीवर चढते. इलेक्ट्रॉन काढले की मागचा अटकाव त्याला परत जाऊ देत नाही, म्हणून ते उंचवटा ओलांडून पलीकडच्या साखळीवर जाते आणि तिथे अडकते. पुन्हा इलेक्ट्रॉन द्या, दुसरे वलय चढते. चार-चार धनभारांची दोन वलये, एकमेकांना दूर लोटणारी, एकाच छोट्या साखळीवर शेजारीशेजारी कोंबली गेली. आपणहून ती तिथे कधीच गेली नसती. पेशीच्या आवरणातले प्रथिनांचे पंप आयनांच्या बाबतीत अगदी हेच करतात.

स्टॉडार्ट यांच्या कारकिर्दीत पत्ते सारखे बदलत गेले. १९९० मध्ये बर्मिंगहॅम, १९९७ मध्ये लॉस एंजलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, तेही ज्या क्रॅम यांचे काम तरुणपणी वाचले त्यांच्या निवृत्तीनंतर. २००८ मध्ये शिकागोजवळचे नॉर्थवेस्टर्न, २०२३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी हाँगकाँग विद्यापीठ. पत्नी नॉर्मा स्वतः जीवरसायनतज्ज्ञ होत्या. स्तनाच्या कर्करोगाशी दीर्घ झुंज देऊन त्या २००४ मध्ये गेल्या. दोन्ही मुली, फिओना आणि ॲलिसन, रसायनशास्त्रात डॉक्टरेट झाल्या. २०१६ साली अमेरिकेतल्या संस्थांत काम करणाऱ्या सहा जणांना विज्ञान आणि अर्थशास्त्राची नोबेल मिळाली, ते सहाही जण बाहेरून आलेले होते. स्टॉडार्ट यांनी त्या वेळी सीमा खुल्या राहण्याच्या बाजूने उघडपणे भूमिका घेतली. ती शोभेची नव्हती. त्यांच्या गटातून गेलेल्या डॉक्टरेट आणि पोस्टडॉक विद्यार्थ्यांची संख्या ४०० च्या वर होती आणि ती मंडळी कितीतरी देशांतून आली होती, भारतातूनही. १,००० हून अधिक शोधनिबंध या हातांनी झाले आहेत.

शिक्षक म्हणून त्यांचे जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते निळ्या-लाल चित्रांत आहे. सेंद्रिय रसायनाची रचनासूत्रे नव्या विद्यार्थ्याला काटेरी कुंपणासारखी भासतात, आणि शेकडो अणूंच्या, एकमेकांत अडकलेल्या रचनेचे सूत्र तर तज्ज्ञालाही एका नजरेत कळत नाही. स्टॉडार्ट यांनी निबंधागणिक, दशकानुदशके, तेच रंग त्याच अर्थाने वापरले. निळे म्हणजे इलेक्ट्रॉनचे भुकेले, लाल म्हणजे इलेक्ट्रॉन देऊ शकणारे. ज्याला रंग कळले त्याला वलय कुठे बसेल आणि कुठून पळेल, हे चित्रावरून सांगता येते. संपादकांना हे चित्रविचित्र वाटले असेल, पण आज या क्षेत्रात जगभर अशीच चित्रे काढतात. अवघड विषयाला अशी भाषा देणे हे मी संशोधनाइतकेच मोठे काम समजतो.

अखेरच्या दशकांत ते शर्करांकडे परतले. मक्याच्या किंवा इतर स्टार्चपासून मिळणारी सायक्लोडेक्स्ट्रिन ही ग्लुकोजची वलये असतात. २०१० मध्ये आठ ग्लुकोजचे वलय आणि पोटॅशियमचे क्षार यांपासून त्यांच्या गटाने सच्छिद्र स्फटिक बनवले, ज्यांचे घटक खाण्याजोगे होते. त्या निबंधात ओमर याघी यांचाही सहभाग होता, ज्यांना अशा सच्छिद्र स्फटिकांच्या कामासाठी २०२५ चे नोबेल मिळाले. २०१३ मध्ये एका पोस्टडॉकने सहा ग्लुकोजचे वलय आणि सोन्याचा क्षार यांची द्रावणे मिसळली. त्याला घनाकार रचना हवी होती. झाले भलतेच: क्षणार्धात सुयांसारखे स्फटिक खाली बसू लागले. सोन्याचा ब्रोमिनयुक्त आयन, पाणी घेतलेला पोटॅशियम आणि शर्करेचे वलय यांची मापे एकमेकांत अशी चपखल बसली होती, की इतर धातू सोबत असले तरी सोने वेगळे निघत होते. सोने काढण्यासाठी आजही सर्रास सायनाइड वापरतात. तिथे स्टार्चचा पदार्थ चालू शकतो, हे या चुकलेल्या प्रयोगाने दाखवले. पोस्टडॉकने सुया पाहून परीक्षानळी धुवून टाकली नाही, यात पेडरसन यांच्या पांढऱ्या तंतूंची आठवण होते.

३० डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नमध्ये स्टॉडार्ट यांचे निधन झाले. त्यांचे काम आता त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे आणि त्यात शेफील्डमध्ये १९८७ साली त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेले डेव्हिड ली हे नाव ठळक आहे. मँचेस्टर विद्यापीठातले ली यांनी स्विच आणि मोटर यांतला भेद सैद्धांतिक पायावर पक्का केला आणि २०१३ मध्ये एक रोटॅक्सेन बनवला, ज्याचे वलय दांडीवरून चालत जाते, वाटेत लटकवून ठेवलेली अमिनो आम्ले क्रमाने उचलते आणि ती एकमेकांना जोडत छोटे पेप्टाइड विणते. आपल्या पेशीतला रायबोसोम हेच करतो. फरक वेगाचा आहे. जिवाणूतला रायबोसोम सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्ले जोडतो. ली यांच्या रेणूला एक जोडायला सुमारे १२ तास लागतात आणि तीन आम्ले उचलून झाली की त्याची दांडी संपते. पण जिवाणूचा रायबोसोमही पन्नासाहून अधिक प्रथिने आणि आरएनएचे लांबलचक धागे मिळून बनलेला, २५ लाख डाल्टन वजनाचा प्रचंड संच आहे, आणि तो घडायला उत्क्रांतीला अब्जावधी वर्षे मिळाली. ली यांचा रेणू त्याच्या तुलनेत कणभर आहे, आणि तो माणसांनी काचेच्या भांड्यात, एकेक बंध ठरवून बांधलेला आहे. दांडी लांब कशी करायची, वलयाचा वेग कसा वाढवायचा आणि दांडी रिकामी झाल्यावर तिच्यावर आम्ले पुन्हा कशी भरायची, हे प्रश्न सध्या टेबलावर आहेत.